गुलाबी साडीची वरात

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या वरातीत गाणी दोन दिशांनी येतात. नागपूरकडून हिंदी-मराठी येतं आणि पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडून तेलुगू तीनमारचा ठेका येतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग गावाला लागूनच जातो, केळापूर तालुक्यात घरी तेलुगू बोलणारेही पुष्कळ. त्यामुळे नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचणाऱ्या पोट्ट्यांना कुठल्याच भाषेचं वावडं नाही. ठेका पायाला लागला पाहिजे, एवढीच त्यांची अट असते. अशा ठिकाणी एखादं मराठी गाणं एका हंगामापुरतं वाजून न जाता टिकून राहिलं, तर ते कशामुळे टिकलं हे पाहायला हवं. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ असं टिकलेलं गाणं आहे.

ते आलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. मागे सिनेमा नव्हता की बडी नटमंडळी नव्हती. शब्द, चाल आणि गळा संजू राठोडचा, संगीत संयोजन जी-स्पार्कचं, चित्रफितीत त्याच्यासोबत प्राजक्ता घाग. गाणं त्याच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर आलं आणि काही आठवड्यांत रील्समधून घराघरांत शिरलं. वेळही नेमकी साधली गेली. आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत बराचसा कापूस घरातून जिनिंगला गेलेला असतो, हातात थोडेफार पैसे असतात आणि जूनच्या पेरणीपर्यंत लग्नांची रांग लागते. तीन-चार महिने रोज कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर हे गाणं वाजत राहिलं. पुढे न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या फलकावर ते झळकल्याच्या बातम्या आल्या, आणि मराठी वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते मुख्यतः त्या फलकाचं. मला मात्र या गाण्याची खरी कसोटी पांढरकवड्यासारख्या गावांच्या रस्त्यांवर लागली असं ठामपणे वाटतं. फलकावर गाणं दिसतं. वरातीत ते पटलं नाही तर माणसं बाजूला होऊन पाणी प्यायला जातात.

संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या धानवड तांड्याचा. तांडा म्हटलं की यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला लांबचं काही वाटत नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी हा सगळा पट्टा बंजारा तांड्यांचा. याच समाजातले वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, आणि १९६३ ते १९७५ असे सलग ते राज्याचे मुख्यमंत्री होते. होळीला या तांड्यांवर लेंगी गातात. नगाऱ्यावर आणि थाळीवर ठेका धरून गडी-बायका फेर धरतात, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. ‘गुलाबी साडी’ लेंगीतून निघालं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण जिथे गाणं ऐकायला कुणी बसत नाही, सगळे उठून त्यात शिरतात, अशा अंगणात वाढलेल्या माणसाला चार माणसांनी सहज उचलावी अशी ओळ कशी बांधायची हे वेगळं शिकवावं लागत नसणार. शिवाय घरात बंजाऱ्यांची गोरबोली आणि शाळेत, बाजारात मराठी असं वाढलेल्या मुलाने लिहिलेलं हे मराठी आहे. त्यात पुस्तकी शब्द औषधालाही सापडत नाही.

या गाण्यात घडतं काय? एक बाई नटून उभी आहे, आपण छान दिसतोय हे तिला ठाऊक आहे, आणि आपल्या माणसाने आपला फोटो काढावा एवढंच तिचं मागणं आहे. बस. विरह नाही, छेडछाड नाही, कुणी तिच्या मागे लागलेलं नाही. या साधेपणावर नाक मुरडणारे बरेच भेटतात, ‘यात काव्य कुठे आहे’ असं विचारतात. माझं त्यांच्याशी भांडण आहे. लग्नाला निघालेल्या प्रत्येक बाईच्या मनात त्या दिवशी हेच असतं: वर्षातून दोनदा नेसायची साडी, बरं दिसण्याचा एक दिवस, आणि तो कुणीतरी पाहावा ही इच्छा. मुलांना तयार करून, आहेराची पाकिटं मोजून, शेवटी घाईघाईत स्वतःचा पदर नीट करणाऱ्या बाईची ही गोष्ट इतक्या थेटपणे मराठी नाचगाण्यात फार वेळा आलेली नाही.

आणि ही बाई बोलते ती पुरुषाच्या गळ्यातून. संजू राठोड तिचं मागणं स्वतःच गातो, आवाज बदलत नाही, लाडिक होत नाही. आपल्याकडे यात नवल नाही. राम जोशी आणि होनाजी बाळा या पेशवाईतल्या शाहिरांनी बाईच्या मनातलं बोलणाऱ्या लावण्या रचल्या, पठ्ठे बापूरावांनी ती वाट विसाव्या शतकात आणली. फरक इतकाच की त्या लावण्यांतली बाई बहुधा पुरुषाच्या नजरेसमोर उभी असे, आणि बैठकीतले श्रोतेही पुरुष. हे गाणं बायकांनी स्वतःकडे घेतलं.

याआधी नाचाची मराठी गाणी आली नाहीत असं नाही. वैशाली सामंतने गायलेलं ‘ऐका दाजिबा’ या शतकाच्या सुरुवातीला दूरचित्रवाणीच्या संगीत वाहिन्यांवरून घरोघरी पोचलं. ‘जत्रा’ सिनेमातलं ‘कोंबडी पळाली’ २००६ चं. अजय-अतुल यांनी त्याचीच चाल २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’साठी वापरली. मग २०१६ च्या ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’. ‘सैराट’च्या संगीतासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवला होता, आणि तरी ‘झिंगाट’ सर्वांत जास्त वाजलं ते उघड्या ट्रकवरच्या भोंग्यांतून. मात्र ‘झिंगाट’ पोरांचं. उड्या मारायच्या, शर्ट भिजवायचा, धूळ उडवायची. त्या गर्दीत काकू-मावशी शिरायच्या नाहीत, कडेला उभ्या राहून पर्स सांभाळायच्या.

आता ‘गुलाबी साडी’ हे गाणं रस्त्यावर वाजतं कसं, ते सांगायला हवं, कारण तिथे ते नव्याने घडतं. विदर्भात वरातीला तीन सोयी आहेत: डीजे, संदल आणि धुमाल. डीजेवाला मूळ गाणंच लावतो, त्याची करामत आवाजाच्या भिंतीत. संदल म्हणजे मुख्यतः तालवाद्यांचा ताफा. धुमाल या दोहोंच्या मधला, आणि माझ्या मते सगळ्यांत कसबाचा. दिव्यांनी सजवलेली गाडी, मागे जनरेटर, पुढे कर्ण्यांची आणि स्पीकरची रांग. गाडीवर एकजण की-बोर्ड घेऊन, एकजण ऑक्टापॅडवर, बाकीचे ढोल-ताशांवर. गाणारा कुणीही नसतो. की-बोर्डवाला गळ्याची ओळ सनईच्या नाहीतर ब्रासच्या सुरात वाजवतो आणि शब्द रस्त्यावरच्या माणसांनी भरायचे.

अशा वाजवण्यात निम्मी गाणी गळून पडतात. ज्यांची गंमत आवाजाच्या पोतात किंवा शब्दांच्या खेळात असते, ती की-बोर्डवर ओळखूच येत नाहीत. ‘गुलाबी साडी’ची धृपदाची चाल थोडक्या सुरांत फिरते, कुणालाही गाता येईल अशा पट्टीत राहते आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येते. त्यामुळे पहिल्या दोन-चार सुरांतच लोक ओरडतात, “लाव ना भाऊ, गुलाबी साडी!” वाजवणारा मग घाई करत नाही. सुरुवातीचे तेवढेच सूर दोनदा-तीनदा फिरवतो, ताशा मुद्दाम थांबवतो, गाडी रस्त्यात उभी राहते. ऑक्टापॅडवाला एकट्याने ठेका धरतो, मूळ गाण्यापेक्षा अंमळ जलद. मग सगळी वाद्यं एकदम उतरतात. मूळ गाण्याचा ठेका मध्यम लयीचा, डुलवणारा. धुमालवाले त्यात आपली घुमक घालतात तरी डुलणं मोडत नाही, आणि यातच त्या वाजवणाऱ्यांची समज दिसते. लय फार चढवली तर पोट्टे नाचतील, पण बायका मागे सरकतील.

बायका येतात ते पाहण्यासारखं असतं. आधी नवरदेवाच्या बहिणी, मग वहिन्या, मग हात धरून ओढून आणलेल्या आत्या. साठीच्या बाईलाही जमतील असे हातवारे: पदराला हात, गालाजवळ बोट, दोन्ही हातांच्या बोटांची फोटोची चौकट. उडी मारायची नाही, कंबर मोडायची नाही. नवरे खरोखरच मोबाइल काढतात. ज्या वरातीत बाई वीस वर्षं कडेने चालत आली, तिथे ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून ‘माझा फोटो काढ’ म्हणते आणि सगळा गाव ते मान्य करतो. मला या गाण्याचं याहून मोठं यश दिसत नाही.

यातून गायकाला काय मिळतं, असा प्रश्न पडतो. थेट काहीच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवणं हा हक्कभंग ठरत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नासोबतचे सामाजिक कार्यक्रम त्यातच धरले आहेत. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. ही सूट योग्यच आहे, नाहीतर धुमालवाल्याची सुपारी परवान्यातच संपली असती. गायकाचा हिशेब दुसऱ्या दिवशी सुरू होतो. वरातीतले व्हिडिओ त्याच गाण्याचा आवाज लावून चढवले जातात, पाहणारे मूळ गाणं शोधून ऐकतात, आणि ऐकण्याचे पैसे यूट्यूब नि स्पॉटिफायकडून येतात. म्हणजे रस्त्यावर फुकट वाजलेलं गाणंच मोबाइलवर कमावतं.

एप्रिल २०२५ मध्ये संजू राठोडचं ‘शेकी’ आलं, ईशा मालवीयसोबत. तेही देशभर गाजलं, त्याचा ठेका जास्त चपळ आणि कंबरेवर बेतलेला. आता वरातीत दोन्ही वाजतात, पण बायकांना आधी उतरवायचं असेल तर धुमालवाल्याने ‘गुलाबी साडी’च पुढे घ्यावी, ‘शेकी’ पोरांसाठी मागे ठेवावं. बायका एकदा उतरल्या की गाडी अर्धा तास त्याच चौकात उभी राहते, मंडपातून निरोपावर निरोप येतात, आणि रात्रीचे दहा वाजायच्या आत आवाज बंद करायचा असल्याने शेवटी नवरदेवाचा मामा स्वतः ड्रायव्हरजवळ जाऊन गाडी हलवायला लावतो.