रेझिनचा ठोकळा का तडकतो?

लेथवर पेन कातायला लागणारा रंगीत इपॉक्सीचा ठोकळा घरीही ओतता येतो. रेझिन, हार्डनर, अभ्रकाची रंगीत पूड आणि साचा, एवढंच लागतं. माझा पहिला ठोकळा मी एका डब्यात जाडच्या जाड ओतला. लेथवर हत्यार टेकताच तो तडकला. पुढच्या वेळी रंग कमी केला, हार्डनर बदलला, साचाही अरुंद घेतला. ठोकळा झकास निघाला! पण नेमका कशामुळे? सांगताच येईना.

रेझिन आणि हार्डनर यांच्या अभिक्रियेत उष्णता निघते. तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, मग उष्णता आणखी. ती बाहेर पडते पृष्ठभागातून, आणि रेझिन तर उष्णतेचं मंदवाहक. 52 मिली मिश्रण 2×2×13 सेंमीच्या ठोकळ्यात ओतलं तर पृष्ठफळ 112 चौ. सेंमी. तेवढंच मिश्रण 4 सेंमी व्यासाच्या कपात ठेवलं तर जेमतेम 77. म्हणजे कपातली उष्णता आतच कोंडणार. आतला भाग तापून फुगतो, थंड होताना आकसतो, ताण उरतो. लेथवर तोच ताण सुटतो.

हा झाला तर्क. तो तपासायचा कसा? मिश्रण एकच, रंग तोच, खोली तीच. अर्धं कपात, अर्धं अरुंद साच्यात. बदलला फक्त आकार. कप हातात धरवेना, साचा कोमट होता.

दुसरा ठोकळा सुंदर होता, पण त्यातून मी काहीच शिकलो नव्हतो. प्रयोग यशस्वी झाला तरी एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत खोलीचं तापमानही लिहा.

(हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.)