धूर तिथे आग. पण आग तिथे?

कागदाचे चार तुकडे घ्या. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. टेबलावर वरच्या बाजू दिसतायत त्या अशा: अ, क, 4, 7. नियम एकच: एका बाजूला स्वर असेल, तर मागे सम आकडा असलाच पाहिजे. नियम पाळलाय की नाही हे तपासायला कोणते तुकडे उलटावे लागतील?

‘अ आणि 4’ असं मनात आलं असेल, तर तुमच्यासोबत भरपूर मंडळी आहेत. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये हे कोडं मांडलं. पुढच्या प्रयोगांत बरोबर उत्तर देणारे दहा टक्क्यांच्याही आत निघाले. उत्तर आहे अ आणि 7. चारच्या मागे काहीही निघू दे, नियम मोडत नाही. ‘सम आकड्यामागे स्वरच हवा’ असं कुणी म्हटलंच नव्हतं! सातच्या मागे स्वर निघाला, तर मात्र नियम तिथेच बाद.

तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र शिकताना विद्यार्थी अनेकदा अडखळतात ते इथेच: ‘जर-तर’ उलटं फिरवता येत नाही.

चुलीपाशी चला

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हीच गोष्ट स्वयंपाकघरात नेऊन समजावली. अनुमानाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्या. ॲरिस्टॉटलचं तीन विधानांत भागतं. इथे उदाहरण दाखवल्याशिवाय सुटका नाही. मला ही अट फार आवडते. नुसता नियम सांगून चालत नाही, तो कुठे दिसला तेही सांगावं लागतं.

आता उलटं करा: जिथे आग तिथे धूर? नैयायिक लगेच लोहाराचा लालबुंद गोळा पुढे करतात. आग आहे, धुराचा पत्ता नाही. मग चुलीतून धूर का येतो? लाकडं ओली असतात म्हणून. या ओल्या सरपणाच्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असं नाव दिलं. पावसाळ्यात फुंकणीने चूल फुंकून डोळे चोळणाऱ्या कुठल्याही आजीला हे वेगळं शिकवावं लागलं नसतं. चारचा तुकडा उलटणारा माणूस त्या लोखंडी गोळ्यातून धूर निघायची वाट बघत असतो.

‘मला जरा काम आहे’

नैयायिकांच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, वादात हरल्याच्या 22 जागा मोजून ठेवल्या आहेत. त्यांना म्हणतात निग्रहस्थानं. विषय सोडून भलतंच बोललात, हरलात. तेच तेच बोललात, हरलात. ‘मला काम आहे’ म्हणून वाद अर्धवट टाकून उठलात, तरी हरलात. या पळवाटेला ‘विक्षेप’ असं खास नाव आहे. आणि माझी सर्वांत लाडकी जागा म्हणजे अननुभाषण. समोरच्याने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते कळलं, आणि तरी तुम्हाला ते पुन्हा मांडता आलं नाही, तर तुम्ही हरलात. टीव्हीवरच्या चर्चेत हा एकच नियम लावला, तर पहिल्या जाहिरातीपर्यंत किती खुर्च्या भरलेल्या राहतील?

न्यायसूत्रांच्या परंपरेतूनच ‘वितंडा’ हा शब्द आपल्या बोलण्यात आला. आपण कुठल्याही निष्फळ भांडणाला वितंडवाद म्हणतो. मूळ अर्थ नेमका होता: स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची.

‘छल’ही तिथलाच: समोरच्याच्या शब्दाचा अर्थ फिरवून त्याला खोडायचं. कुणी म्हणालं, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. समोरचा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! नववधूतला ‘नव’ उचलून नवरात्रात टाकला की झाला वाक्छल.

आजीची शब्दसूची

पाठ्यपुस्तकातल्या बऱ्याच तर्कदोषांना मराठीत आधीच नावं आहेत. एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिलं हे दुसऱ्याचं कारण? कावळा बसायला आणि फांदी तुटायला. समोरचा जे बोललाच नाही ते खोडत बसणं? साप साप म्हणून भुई धोपटणं. स्वतःला एक माप, दुसऱ्याला वेगळं? आपला तो बाब्या, लोकांचं ते कार्टं. संबंध नसताना जोडलेलं नातं? बादरायण संबंध.

‘शितावरून भाताची परीक्षा’ मात्र दोष नाही. ते विगमनाचं, म्हणजे थोडक्यावरून सगळ्याचा निष्कर्ष काढण्याचं, चांगलं उदाहरण आहे, आणि त्याची मर्यादाही भातातच सापडते. घरच्या छोट्या पातेल्यात आच सगळीकडे सारखी लागते, म्हणून एक शीत पुरतं. लग्नातल्या मोठ्या पातेल्यात तळ करपलेला आणि वरचा थर कच्चा असू शकतो. तिथे आचारी झारा तळापर्यंत घालतो आणि मगच बोलतो. नमुना कसा घ्यावा, याचा अख्खा धडा त्या झाऱ्यात आहे.

चौकटीबाहेरची माणसं

तीन विधानांच्या संवाक्याचे एकूण 256 साचे होतात. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत त्यांतले 24 वैध, आधुनिक हिशोबाने फक्त 15. वैध साचे लक्षात राहावेत म्हणून मध्ययुगीन युरोपातल्या पंडितांनी त्यांना बार्बारा, सेलारेंट, दारिई अशी नावं ठेवली. नावातले स्वरच विधानांचे प्रकार सांगतात.

वर्तुळांच्या ‘व्हेन आकृत्या’ 1880 मध्ये मांडणारे तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी क्रिकेटचा चेंडू टाकणारं यंत्रही बनवलं होतं. 1909 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ केंब्रिजला आला, तेव्हा त्या यंत्राने त्यांच्या एका नामवंत फलंदाजाचा चार वेळा त्रिफळा उडवला. ‘आणि’ नाकारलं की ‘किंवा’ होतं हे नियमात मांडणारे ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये जन्मले ते आपल्या मदुराईत. ‘ॲलिस’वाल्या लुईस कॅरलनी तर सोंगट्या आणि पट घेऊन खेळायचा तर्कशास्त्राचा खेळच काढला.

पुन्हा चार तुकडे

1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी वेसनचं कोडं अमेरिकेत फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना नव्या वेशात दिलं. तुकड्यांवर आता होतं: बियर, कोला, 22, 16. नियम: बियर पीत असेल, तर वय 19 च्या वर हवं. कोणाला तपासाल?

बियरवाल्याला आणि सोळा वर्षांच्या मुलाला. जवळजवळ तीन चतुर्थांश जणांनी बरोबर सांगितलं. सांगाडा तोच, ‘जर-तर’ तेच, उलटायच्या जागाही त्याच. आज रात्री जेवण झाल्यावर घरात करून बघा. आधी अक्षरांचे तुकडे द्या, मग बियरचे, आणि दुसऱ्या फेरीत हात आपोआप कुठे जातो ते बघा.