अंगणातली पावनखिंड

दिवाळीत आपली मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात. हळीव पेरतात, कुंभाराकडचे मावळे मांडतात. चार दिवस कौतुक होतं आणि मग सारं मोडून जातं. हे मावळे नुसते मांडून न ठेवता मुलांबरोबर लढाईचा खेळ खेळलात, तर इतिहास पाठ करावा लागणार नाही, तो समजू लागेल.

असे खेळ परदेशांत जुने आहेत. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 1824 साली नकाशा आणि फासे घेऊन खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. लष्करी अधिकारी त्यावर शिकत. पुढं 1913 साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचं पुस्तकच लिहिलं.

आपण पावनखिंड घेऊ. 1660 सालच्या जुलैत, भर पावसात, शिवाजीमहाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याहून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. पाठलाग करणाऱ्या फौजेला बाजीप्रभूंनी घोडखिंडीत अडवून धरलं. महाराज गडावर पोचल्याची खूण म्हणजे तोफांचे आवाज.

आता साहित्य पाहा. मावळे नसले तर तीस चिंचोके घ्या. दहा घासून पांढरे करा, ते खिंडीतले. वीस तसेच ठेवा, ते चढणारे. मातीचे दोन उंचवटे करून मध्ये दोघंच शेजारी उभे राहतील एवढी वाट ठेवा. लुडोचा एक फासा पुरे.

नियम सोपे आहेत. प्रत्येक फेरीत पुढच्या दोघांनी समोरच्या दोघांशी एकेकटं लढायचं. दोन्ही बाजूंनी फासा टाकायचा. कमी आकडा पडेल तो गडी बाद. आकडा सारखा आला तर चढणारा बाद, कारण जागा खिंडीतल्याच्या सोयीची. बाद झालेल्याच्या जागी मागचा येतो. बारा फेऱ्या झाल्या की तोफा झाल्या असं समजायचं. तोवर खिंडीत एक जरी उभा असला, तरी खिंडवाला जिंकला.

खेळून पाहा, कधी खिंड टिकते, कधी पडते. मग बाजू बदला. मात्र मोठ्यांनी मुद्दाम हरू नये, मुलांना ते लगेच कळतं.

त्यानंतर वाट चौघांइतकी रुंद करा आणि तेच दहा गडी पुन्हा उभे करा. आता एका फेरीत चार झुंजी होतात, आणि बहुतेक वेळा तोफा होण्याआधीच खिंड पडते. थोड्यांनी पुष्कळांना अडवलं ते कशाच्या बळावर, याचं अर्धं उत्तर मुलाला जमिनीत सापडतं. उरलेलं अर्धं, म्हणजे तिथं उभं राहण्याची छाती, ते फाशात नसतं. तेही त्याला सांगा.

शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं. खिंडीत तीनशे मावळे होते हा परंपरेनं चालत आलेला आकडा आहे. आकडा कुठून आला, कोणी लिहून ठेवला, हे विचारायची सवय इथंच लावता येईल.

आणि डाव संपल्यावर चिंचोके लगेच डब्यात भरू नका. बाजूला पडलेले मुलाकडून मोजून घ्या. जिंकलेल्या डावातही बहुधा दहांतले एक-दोनच उभे उरलेले दिसतील. खुद्द बाजीप्रभूही खिंडीतून परतले नाहीत. वेल्सचं म्हणणं होतं की युद्धाची हौस अशा छोट्या लढाईतच भागवावी. त्याचं पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी, 1914 साली, पहिलं महायुद्ध पेटलं. चिंचोके पुन्हा मांडता येतात, माणसं येत नाहीत. एवढं मुलाला उमगलं, तर डाव कोणीही जिंको, खेळ सार्थकी लागला.