आठवड्याचे इंजेक्शन आणि वर्षाचा हिशोब

सरफोजी महाराज (दुसरे) यांनी तंजावरात स्थापिलेल्या धन्वंतरी महालात एतद्देशीय व पाश्चात्त्य वैद्यकाची सांगड घालून औषधांची परीक्षा होत असे. त्याच तंजावरातील आमच्या शाखेत येणारी मराठी मंडळी आज एका नव्या औषधाविषयी पृच्छा करतात : वजन उतरविण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन. त्यासाठी मुदतठेव मोडावी काय, असाही प्रश्न येतो. म्हणून हा लेख.

जेवणानंतर आतड्यांतून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक स्रवते. ते मेंदूस तृप्तीची जाणीव देते व जठर सावकाश रिकामे होऊ देते. सेमाग्लुटाइड हे त्याचेच अनुकरण करते, परंतु शरीरात दीर्घकाळ टिकते. म्हणून आठवड्यातून एक मात्रा पुरते. टिर्झेपाटाइड आणखी एका संप्रेरकाचेही काम करते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्के घटले. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले.

ठेव मोडण्यापूर्वी ध्यानात घ्यावयाची बाब हीच. हा एकरकमी खर्च नसून, कर्जाच्या हप्त्यासारखा, पण मुदत न ठरलेला खर्च आहे. मार्च 2025 मध्ये टिर्झेपाटाइड ‘मौंजारो’ या नावाने भारतात आले, तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांस व 5 मिलिग्रॅमची 4,375 रुपयांस होती. पहिले चार आठवडे लहान मात्रा व उरलेले 48 आठवडे मोठी धरल्यास वर्षाचे 2,24,000 रुपये होतात. डॉक्टरांची फी व तपासण्या वेगळ्याच. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच असल्याने देशी औषधांमुळे आकडे उतरतील, हिशोबाची रीत तीच राहील. तीन महिन्यांपुरतीच तजवीज असेल, तर ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे औषध सौंदर्यप्रसाधन नव्हे. साधारणतः बॉडी मास इंडेक्स 30 वा अधिक असल्यास, किंवा 27 च्या पुढे असून मधुमेह, रक्तदाब यांसारखी व्याधी जडली असल्यास डॉक्टर त्याचा विचार करतात. मळमळ व बद्धकोष्ठता नेहमीच्या. स्वादुपिंडदाह क्वचित, पण गंभीर. गर्भवतींनी, तसेच कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेल्यांनी ते घेऊ नये. चिठ्ठीवाचून देणाऱ्या दुकानदारापासून दूर राहावे, पक्के बिल घ्यावे आणि कुपी 2 ते 8 अंश तापमानात आणली गेली काय, हे विचारावे. तंजावरच्या उन्हाळ्यात हा प्रश्न फाजील ठरत नाही.