विंडोज बदला, पण किल्ली आपल्या हाती ठेवा

मोंढ्यातली आडत, तहसीलजवळचे झेरॉक्स सेंटर, लग्नपत्रिका छापणारा लहानसा प्रेस, फोटो स्टुडिओ, हार्डवेअरचे दुकान. भोकरसारख्या तालुक्याच्या गावीही आता यांपैकी बहुतेक ठिकाणी गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर बसला आहे. रोजकीर्द-खतावणीची जागा त्याने घेतली. तो चालला तर धंदा चालतो, तो अडला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. म्हणूनच त्याच्या पोटातली विंडोज ही प्रणाली बदलण्याची वेळ आली की लहान व्यापाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात.

हा प्रश्न आता फार काळ टाळता येणार नाही. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तारीखही अशी की दिवाळी आठवड्यावर आलेली आणि नव्या सोयाबीनचा हंगाम तोंडावर. त्यातच त्या साली अतिवृष्टीने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे हातातोंडाशी आलेले पीक नेले होते. शेतकऱ्याकडे पैसा नाही तर बाजारात कोठून येणार? अशा वेळी अनेकांच्या पडद्यावर सूचना झळकली की हा कॉम्प्युटर नव्या विंडोज ११ साठी पात्र नाही. यंत्र चालते आहे, बिले निघत आहेत, आणि कंपनी म्हणते ते जुने झाले!

व्यापाऱ्याचा वैताग समजण्यासारखा आहे. परंतु वैतागून दोन चुका होतात. एक, काहीच न करता बसून राहणे. दुसरी, मेकॅनिकला बोलावून "टाकून दे काय ते नवीन" असे सांगून मोकळे होणे. दोन्हींत नुकसान आहे.

बंद झाले म्हणजे काय झाले?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विंडोज १० चा सांभाळ थांबला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असे नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, टॅली चालते, छपाई होते. थांबले ते सुरक्षेचे अपडेट. प्रणालीत नवे भगदाड सापडले तर कंपनी ते दरमहा बुजवत असे. तसे बुजवणे १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सर्वांसाठी होत नाही.

याचे गांभीर्य कळण्यासाठी मे २०१७ ची आठवण पुरेशी आहे. त्या महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. फाइली उघडायच्या तर ३०० डॉलर द्या, अशी मागणी पडद्यावर येई. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट कंपनीने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले. ज्या दुकानात लोकांचे आधार कार्ड, सातबारा, बँकेची कागदपत्रे स्कॅन होतात, तेथे ती कागदपत्रे गिऱ्हाइकाची अमानत असतात. त्यामुळे "आमच्याकडे चोरण्यासारखे आहेच काय" हे म्हणणे बरोबर नाही.

नव्याची अट काय?

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिला किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण लागते. एवढे तर जुन्या यंत्रांतही असते. गाडे अडते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, आणि ती पिढी २०१७ साली आली. दुसरी अट टीपीएम २.० ची. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी लहानशी सोय. ती वेगळी चिप म्हणून असते किंवा प्रोसेसरमध्येच असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ कॉम्प्युटरमध्ये टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. ती चालू केली की 'अपात्र' यंत्र पात्र ठरू शकते. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम नेमके कोठे अडते ते सांगतो. तेव्हा नवे यंत्र घेण्याआधी ही तपासणी करून घ्यावी. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, हे पाहता तर अधिकच.

ज्यांचे यंत्र खरोखर बसत नाही त्यांच्यासाठी कंपनीने वाढीव मुदतीची योजना काढली. घरगुती वापराच्या कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट, त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम. पैसे द्यायचे नसतील तर आपली सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवू द्यायची. व्यावसायिक संस्थांसाठी मात्र दर निराळा: पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट, अशी तीन वर्षे. युरोपात ग्राहक संघटनांनी या अटींविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील घरगुती ग्राहकांना हे वर्ष पैसे न घेता आणि सेटिंग साठवण्याची सक्ती न करता देण्याचे कंपनीने मान्य केले. आपल्याकडे ती सवलत आली नाही. संघटित ग्राहक आणि विखुरलेला ग्राहक यांतला फरक हा असा दिसतो.

खरे दुखणे जोडलेल्या वस्तूंचे

विंडोज बदलल्यावर रंगरूप बदलते, बटणे इकडची तिकडे जातात. त्याची सवय आठ दिवसांत होते. २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढले तेव्हा जगभर ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये कंपनीने ते परत आणले. पण व्यापाऱ्याचे खरे दुखणे बटणाचे नाही. कॉम्प्युटरला जोडलेल्या जुन्या वस्तू आणि जुने प्रोग्राम बंद पडतात, हे ते दुखणे आहे.

आडत दुकानाचे उदाहरण घ्या. काही आडत्यांकडे शेतकऱ्याची हिशोबपट्टी अजूनही डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रामवर निघते, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कार्बन घालून. हमाली, तोलाई, आडत सारे त्यात बसवलेले. हा प्रोग्राम ३२ बिटच्या विंडोज १० वर चालतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिटची विंडोज १६ बिटचे जुने प्रोग्राम मुळीच चालवत नाही. नवे यंत्र कितीही महाग घ्या, तो उघडणारच नाही. डॉसबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रामच्या आत तो चालवता येतो, परंतु छपाई नीट बसवून घ्यावी लागते. म्हणजे हंगामाआधी महिनाभर हे काम हाती घेतले पाहिजे, आवक सुरू झाल्यावर नव्हे.

प्रेसवाल्यांचे तसेच. पत्रिका आणि हँडबिले वर्षानुवर्षे पेजमेकरवर जुळवली गेली. त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची आहे. मराठीसाठी जुने फॉन्ट, उर्दूसाठी जुने इनपेज, आणि त्यांतल्या कित्येकांना डोंगल लागतो. डोंगल जुना असेल तर त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळेलच असे नाही. जुन्या मराठी फॉन्टमधला आणि जुन्या इनपेजमधला मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिकटवला तर नुसती अगम्य चिन्हे दिसतात. निकाहनाम्याचे नमुने, मदरशांच्या पावत्या, दहा वर्षांच्या पत्रिका अशा फाइलींत पडून असतात. विंडोज बदलण्याआधी त्या पीडीएफ करून ठेवाव्यात आणि नेहमी लागणारा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. काम कंटाळवाणे आहे, पण ते एकदाच करावे लागते.

सेवा केंद्रवाल्यांची अडचण अंगठ्याच्या ठशाच्या यंत्राची आणि स्कॅनरची. कर सल्लागार आणि कंपनीवाल्यांची अडचण डिजिटल सहीच्या टोकनची. ड्रायव्हर मिळाला नाही तर पोर्टल उघडते, पण सही होत नाही. जीएसटीचे विवरण एक दिवस उशिरा गेले तर रोज ५० रुपये विलंब शुल्क, शून्य विवरण असेल तर २० रुपये, आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. मासिक विवरणांच्या तारखा ११ आणि २०. या तारखांच्या तोंडावर विंडोजला हात लावणे शहाणपणाचे नाही.

अपडेट आला की लगेच घ्यावा, हाही नियम नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फाइलीच पुसून टाकल्या. कंपनीला तो चार दिवसांत थांबवावा लागला आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही प्रिंटरवर छपाईचा आदेश दिला की कॉम्प्युटर निळा पडून बंद होई. सप्टेंबर २०२१ मध्ये एकच प्रिंटर दोन-तीन कॉम्प्युटरवर वापरणाऱ्यांची छपाई अडली. सुरक्षेचे मासिक अपडेट घ्यावेत, पण नवी मोठी आवृत्ती आली की काही आठवडे थांबून मग घ्यावी. पहिल्या रांगेत उभे राहण्याचे काहीच इनाम नसते.

किल्ली कोणाकडे?

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट. विंडोज ११ बसवताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. दुकानदाराला घाई असते, पासवर्ड लक्षात नसतो. मग मेकॅनिक आपल्याच मोबाइल नंबरवर किंवा कसल्या तरी ई-मेलवर खाते काढून काम उरकतो. वरवर यात काही वावगे दिसत नाही.

परंतु २०२४ च्या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजवर अशा खात्याने प्रवेश केला की बहुतेक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. या कुलपाची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. रोज ती कोणी विचारत नाही. पण मदरबोर्ड बदलला किंवा बायोसची सेटिंग हलली की एके दिवशी निळ्या पडद्यावर ४८ अंक मागितले जातात. खाते मेकॅनिकचे, त्याने नंबर बदललेला, आणि आत तुमची उधारी, तुमचा साठा, तुमचे जीएसटी. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी वाचता येत नाही. कुलूप बनवलेच आहे त्यासाठी.

दुकानाच्या शटरची किल्ली आपण कुणा कारागिराच्या खिशात कायमची ठेवत नाही. मग हिशोबाची का ठेवावी? खाते आपल्या नावाने, आपल्या नंबरवर काढावे. पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसालाही ठाऊक असावा. ४८ अंकी किल्ली कागदावर छापून दस्तऐवजांच्या फायलीत लावावी. ज्यांचे खाते आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे त्यांनी मेकॅनिकला बोलावून ते बदलून घ्यावे, तो गावात आहे तोवर.

असा क्रम ठेवावा

आधी डेटा. टॅलीचा बॅकअप, फाइली, फॉन्ट, प्रोग्रामांच्या मूळ सीडी आणि लायसन्सचे नंबर बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. एक प्रत दुकानात, एक घरी. बॅकअप झाला म्हणजे झाले असे समजू नये. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावा.

मग यादी. दुकानाची रोजी ज्या वस्तूंवर अवलंबून आहे त्या लिहून काढाव्यात: प्रिंटर, स्कॅनर, ठशाचे यंत्र, टोकन, डोंगल. प्रत्येकाचा विंडोज ११ चा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का, ते पाहावे. एखाद्या वस्तूचा नसेल तर खर्चाचा आकडा तेथेच कळतो.

मग चाचणी. शक्य असेल तर नवे यंत्र जुन्याच्या शेजारी पंधरा दिवस चालवावे. एक खरे बिल, एक खरी पत्रिका, एक खरी सही त्यावर करून पाहावी. सारे जमले की मगच जुने बाजूला करावे.

जुने यंत्र भंगारात देऊ नये. त्याचे इंटरनेट काढून टाकले तर डॉसचा प्रोग्राम किंवा पेजमेकर त्यावर वर्षानुवर्षे चालू शकतो. त्याला पेन ड्राइव्ह मात्र जपून लावावा. नुसते टायपिंग आणि इंटरनेट हवे असेल त्याला मोफत लिनक्स बसवता येते. आपल्याच सी-डॅकने 'बॉस' नावाचे लिनक्स काढले आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकली. टॅली, इनपेज थेट त्यावर चालत नाहीत, एवढे ध्यानात घेऊन निर्णय करावा.

आणि शेवटी, स्वस्तात मिळणाऱ्या चोरट्या विंडोजपासून आणि अटी चुकवून अपात्र यंत्रावर बसवलेल्या विंडोज ११ पासून दूर राहावे. पहिल्यात व्हायरस आधीच आत बसलेला असू शकतो. दुसरीला पुढचे अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही. ज्या भीतीपोटी खर्च केला तीच भीती पुन्हा उरते.

एका गावात पाच-दहा दुकानदारांनी मिळून एक चांगला जाणकार मुलगा धरला, ड्रायव्हर आणि फॉन्टचा एक सामाईक साठा केला, तर प्रत्येकाचा दिवस आणि पैसा दोन्ही वाचतील. सुताराला आपला रंधा कधी पाजळायचा ते ठाऊक असते, आणि तो आपल्या सोयीच्या दिवशी पाजळतो. कॉम्प्युटर हेही आपले हत्यारच आहे. ते बदलण्याचा दिवस आपण ठरवावा, आणि तो आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावा.