दहा वर्षांचा कंप

अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१६मध्ये हात कापणाऱ्या माणसांसाठी एक यंत्र मंजूर केलं, त्याला दहा वर्षं झाली. परवा पाहिलेल्या एका जाहिरातीत त्याचं वर्णन ‘चीर नाही, टाका नाही, हात स्थिर’ एवढंच होतं. ध्वनिलहरींनी मेंदूतला एक ठिपका कायमचा जाळला जातो, याचा त्यात उल्लेखही नाही.

हात कापण्याच्या या विकाराचं नाव एसेन्शियल ट्रेमर. तो म्हणजे कंपवात नव्हे. कंपवातात हात स्वस्थ पडलेला असताना थरथरतो. यात तो कामाला लावला की थरथरतो. आमच्याकडे हा विकार वडिलांकडून आला. पंगतीत त्यांनी आमटीची वाटी उचलली की शेजारचे नजर चुकवत आणि मागून दारूचं नाव घेत. दोन घोटांनी हा कंप अनेकांचा तात्पुरता शमतो, हे खरं. वडिलांनी मात्र जन्मात थेंब घेतला नाही. पुढे माझी सही जुळेना म्हणून एका बँकेने चेक परत केला. ‘जरा नीट बसून करा ना सही,’ हा खिडकीवरच्या साहेबांचा वैद्यकीय सल्ला!

आधीची दशकं भरभर उलटतो. १९५०च्या दशकात इलिनॉयमध्ये फ्राय बंधूंनी मेंदूवर ध्वनिलहरी सोडल्या, पण त्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागे. मग गोळ्या आल्या : प्रोप्रॅनोलॉल हृदयविकाराची, प्रिमिडोन फेफऱ्याची. आमच्यासाठी म्हणून कुणी काही शोधलंच नाही. १९८७मध्ये ग्रनोबलला बेनाबिद यांनी मेंदूत तार बसवून कंप थांबवला. पण त्यासाठी डोक्याला भोक पाडून घेण्याची तयारी हवी.

मला खरं आठवतं ते २०११नंतरचं दशक. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये जेफ इलायस यांनी १५ रुग्णांवर प्रयोग केला. डोकं भादरायचं, चौकट बसवायची, थंड पाणी खेळतं ठेवलेलं हेल्मेट चढवायचं. त्यातले हजारावर स्रोत थॅलॅमसमधल्या एका बिंदूवर लहरी एकवटतात. आधी सौम्य ताप देऊन जागा बरोबर आहे का पाहतात, मग ५५ अंशांच्या वर नेतात. नेमकं कुठे किती तापलं, हे एमआरआयवर दिसतं. रुग्ण जागाच असतो. मधूनमधून त्याच्याकडून कागदावर चकली काढून घेतात.

२०१३मध्ये निकाल आला : वर्षभरानंतर हाताच्या कंपाचा गुणांक २०.४वरून ५.२. मी तो कागद घरभर दाखवला. एमआरआय आणि ध्वनिलहरींची सांगड घालणाऱ्यांतले बॉस्टनचे फेरेन्स योलेस ३१ डिसेंबर २०१४ला गेले. मंजुरी दीड वर्षावर आली होती.

२०१६ची चाचणी जास्त प्रामाणिक होती. ५६ जणांवर खरा उपचार, २० जणांवर लुटुपुटूचा : डोकं त्यांचंही भादरलं, यंत्रात त्यांनाही घातलं, लहरी तेवढ्या सोडल्या नाहीत. त्यांचा कंप होता तिथेच राहिला. खऱ्या उपचाराने तो तीन महिन्यांत ४७ टक्के कमी झाला. मोठंच यश आहे हे! पण ३६ टक्के लोकांची चाल बिघडली, ३८ टक्क्यांना बधिरपणा, मुंग्या आल्या. वर्षानंतरही ९ टक्क्यांची चाल आणि १४ टक्क्यांचा बधिरपणा सुधारला नव्हता. बातम्यांनी चकलीची दोन चित्रं तेवढी उचलली, अडखळती पावलं वगळली.

आणि उपचार एकाच हाताचा. दुसऱ्या बाजूला परवानगी मिळायला डिसेंबर २०२२ उजाडला, तीही पहिल्यानंतर निदान नऊ महिने थांबण्याच्या अटीवर. शिवाय सगळ्यांची हाडं लहरी सारख्याच आत जाऊ देत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये काहींची कवटी नापास होते. माझी झाली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे! ज्यांची कवटी पास झाली, त्यांनी उपचार जरूर घ्यावा. बशीत न सांडता चहा पिण्याचं मोल मला कुणी सांगायला नको.

जाहिरातदारांना मात्र एक विनंती आहे. ‘चीर नाही’ ज्या टायपात छापता, त्याच टायपात ते ३६ आणि ९ हे आकडेही छापा.