मिशावाला मासा तळाशी नसतो तेव्हा

उन्हाळ्यात नाथसागराच्या काठची आपली पुष्कळ मंडळी संध्याकाळी गळ घेऊन बसतात. शिवडा, शिंगाळा हे मिशावाले मासे गाळातच सापडायचे, असे वडीलधारे सांगत आले. म्हणून आपण शिसे थेट तळाला सोडतो. रात्र सरते, पण दोरी काही हालत नाही. मग मासा गेला कुठे? तो तळ सोडून मधल्या पाण्यात अधांतरी असतो.

याचे कारण असे. ऊन तापले आणि वारा पडला की वरचे पाणी गरम व हलके होते, खालचे थंड व जड राहते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी शेवाळ, पालापाचोळा कुजतो आणि खालचा प्राणवायू संपतो. मागूर वर येऊन हवा गिळतो. शिवड्याला ती सोय नाही. म्हणून श्वास घेता येईल इतका तो वर सरकतो. शिवाय त्याचे खाणे, म्हणजे लहान मासे, तेही तिथेच फिरतात. जोराचा वारा सुटून पाणी ढवळले की तो पुन्हा खाली जातो.

आता गळ कसा लावावा? आधी शिसे तळाला टेकवून खोली मोजावी. समजा १२ हात निघाली, तर तीन दोऱ्या लावाव्यात : ११, ८ आणि ५ हातांवर. त्या त्या मापाला दोरीवर वाळका भोपळा किंवा थर्माकोलचा तुकडा बांधला की गळ तिथेच टांगून राहतो. आमिषाला लहान मासा किंवा झिंगा लावावा. जिथे ओढ लागेल त्याच मापावर बाकीच्या दोऱ्या आणाव्यात. गळ थोडा वर राहिला तरी चालेल, मासा वर येईल; पण खालच्या बिनहवेच्या पाण्यात तो फिरकत नाही.

मासा काढताना सांभाळावे. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागचे काटे हातात घुसतात, तेव्हा फडक्याने धरावे. शिवड्याच्या तोंडात बोट घालू नये. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून परवानगीची चौकशी आधी करावी. पावसाळ्यात अंड्यावरची मादी सोडून द्यावी.

एक गोष्ट मात्र आपल्याच घरची आहे. धरण १९७६ साली पुरे झाले, काठाला ऊस वाढला. उसाला टाकलेला युरिया पाटाच्या पाण्याबरोबर ओघळीने धरणात जातो, त्यावर शेवाळ माजते आणि ते कुजताना तळाचा प्राणवायू खाते. साखर कारखान्याचे सांडपाणी शुद्ध न करता ओढ्यात गेले तरी तेच होते. हे आम्ही कारखान्याच्या पत्रिकेतूनच सांगतो आहोत. छत्रपती संभाजीनगर शहर हेच पाणी पिते. तेव्हा युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्यावा, मातीआड करावा आणि रात्री पाणी सोडून घरी झोपू नये. खताचे पैसेही वाचतील आणि तळाला मासाही राहील.